गाण्याबरोबर नांवही उतरवावें

१९०२ सालीं कलकत्त्यास गौहर जान यांचीं गाणीं ध्वनिमुद्रित झालीं, तेव्हां गाणें संपतांच गायिकेनें स्वतःचें नांव उच्चारण्याचा प्रघात पडला. तबकडीवरील कागद फाटला तरी गाणारें कोण, हें तबकडीच सांगत असे. पुढें १९८२ मध्यें सीडी बाजारांत आली. ध्वनि अधिक स्वच्छ झाला. परंतु ही नवी तबकडी आपल्या गायकाविषयीं बहुधा मुकीच राहिली.

हें वैगुण्य ध्यानीं येतें तें घरांतील दोन-तीनशें सीडी संगणकांत उतरवून घ्यावयास बसल्यावर. गाणें येतें, पण तें कोणाचें व कोणतें, हें त्याच्याबरोबर येत नाहीं. सीडीच्या प्रारंभीं एक लहानशी अनुक्रमणिका असते. तींत गाणीं किती व प्रत्येक कोठें सुरू होतें, एवढेंच सांगितलेलें असतें; मात्र तें सेकंदाच्या पंचाहत्तराव्या भागापर्यंत मोजून. नांवेंही तबकडींतच घालण्याची सोय १९९६ मध्यें निघाली, पण सर्व प्रकाशकांनीं ती स्वीकारली नाहीं.

मग संगणक नांवें आणतो कोठून? तो या अनुक्रमणिकेंतील आकड्यांवरून तबकडीची ओळख ठरवितो आणि इंटरनेटवरील सूचींशीं ताडून पाहतो. ‘म्युझिकब्रेन्झ’ ही अशीच एक, लोकांनींच भरलेली सूचि होय. हात अनेक, म्हणून लेखनपद्धतिही अनेक. एकानें ‘भीमसेन जोशी’ लिहिलें, दुसऱ्यानें ‘पंडित भीमसेन जोशी’, तर तिसऱ्यानें तेंच रोमन लिपींत. श्रोत्याला गवई एकच. संगणकाच्या लेखीं मात्र तीन!

दुसरी अडचण क्रमाची. पुणें आकाशवाणीवरून १९५५-५६ मध्यें प्रसारित झालेल्या ‘गीतरामायणा’चीं गीतें ५६, तीं एका सीडींत मावत नाहींत. अशा संचांत प्रत्येक तबकडीचा क्रमांक नोंदविला नाहीं, तर सर्व तबकड्यांचीं पहिलीं गीतें एकत्र येतात, मग सर्व दुसरीं; आणि रामजन्माच्या शेजारीं युद्धकांड येऊन बसतें. तसेंच कवि माडगूळकर, संगीतकार सुधीर फडके व गीत गाणारा कलावंत यांचे रकाने वेगळे ठेवावे. गायक अनेक असल्यास ‘अल्बमचा कलाकार’ या रकान्यांत सर्व गीतांना एकच नांव द्यावें, म्हणजे संच विखुरत नाहीं.

यास्तव पहिली तबकडी घालण्यापूर्वींच नियम ठरवून कागदावर लिहावे. लिपि कोणती? ‘पंडित’, ‘बुवा’ या उपपदांचें काय? शीर्षकांत आधीं राग कीं आधीं चीज? कोणताही नियम चालेल. तो शेवटपर्यंत एकच असावा. दहा तबकड्या उतरवून नोंदी तपासाव्या, मगच पुढें जावें. ध्वनींत कांहींच न गाळणाऱ्या ‘फ्लॅक’सारख्या स्वरूपांत गाणें ठेवावें, आणि माहिती केवळ फाइलीच्या नांवांत न घालतां फाइलीच्या आंतील टॅगमध्यें लिहावी, फाइलीचें नांव बदललें तरी ती टिकते. सर्व संग्रहाची दुसरी प्रत निराळ्या ठिकाणीं असावी, हें तर उघडच आहे.

परंतु सर्वांत मोलाची गोष्ट सूचींत पुष्कळदां सांपडतच नाहीं. मैफलींत तबल्यावर कोण होतें, पेटी कोणी धरली, ध्वनिमुद्रण कोणत्या सालचें, हें बहुधा वेष्टनावर बारीक अक्षरांत छापलेलें असतें. तेवढें टिपून घ्यावें व वेष्टनाचें छायाचित्र जवळ ठेवावें. संग्रह उतरवून झाला कीं तबकड्या कोणास तरी दिल्या जातात, आणि त्यांबरोबर तीं अक्षरेंही घराबाहेर जातात. मग नातवंडें तोच ख्याल ऐकतील, ठेक्यास मानही डोलावतील. पण तो ठेका धरणाऱ्याचें नांव सांगावयास घरांत कोणी उरणार नाहीं. गौहर जान यांच्या तबकडीनें जें काम एका वाक्यांत केलें, तें आतां संग्राहकानें स्वतःच्या हातानें करावयाचें आहे.