उभी नको, पळालेली बघा

इटालियन स्पोर्ट्‌स बाइकचं नाव काढलं की आमच्या जबलपुरात एक वाक्य ठरलेलं आहे: "दिसायला झकास, पण सारखी गॅरेजात." गंमत म्हणजे हे सांगणाऱ्या मागच्या पिढीने सगळी नोकरी इटालियन गाडीवरच केली. घमापुरातून, काँचघरातून, रांझीतून पहाटेच्या शिफ्टला निघणाऱ्या फॅक्टरीवाल्यांकडे विजय सुपर असायची किंवा बजाज. विजय सुपर म्हणजे लखनौच्या स्कूटर्स इंडियाने मिलानच्या इनोसेंटी कंपनीची यंत्रसामग्री विकत आणून काढलेली लॅम्ब्रेटाच. बजाजही 1971 पर्यंत व्हेस्पाच्या परवान्यावर स्कूटर काढत होती, आणि पुढचा चेतक त्याच वाणाचा. रस्त्याकडेचा मिस्त्री पान्यांच्या एका संचात त्या उघडायचा आणि मिटवायचा. तेव्हा दोष इटलीच्या लोखंडाचा नाही. लोखंड तेच, सुटा भाग कुठे मिळतो आणि गाडीला हात कोण लावतो, यात फरक पडला.

हा विचार डोक्यात यायला कारण भाचा. तो नोकरीसाठी इथे आला आणि "मामा, सेकंडहँड इटालियन घ्यायचीय" असं म्हणून बसला. डुकाटी, एप्रिलिया किंवा बेनेली, यांतलं काहीतरी. जबलपुरात डुकाटीचं दालन नाही. म्हणजे गाडी घेतली की बिघाडाच्या दिवशी ती टेम्पोत घालून परगावी न्यायची, हे गृहीत धरूनच बाजारात उतरायचं.

पहिली गाडी घमापुरातच पाहायला मिळाली. नागपूर पासिंगची, एमएच-31 ची लाल डुकाटी मॉन्स्टर 797. मालकाने फोनवर एकच गोष्ट तीनदा सांगितली: "फक्त चार हजार चाललीय." सोबत आम्ही आमच्या ओळखीचा मिस्त्री नेला. त्याचे वडील व्हेइकल फॅक्टरीत होते. शक्तिमान ट्रक आणि जोंगा जिथे बनले त्या कारखान्याच्या सावलीत वाढलेल्या माणसाला इंजिनाचा धाक वाटत नाही. चार हजाराचा आकडा ऐकून तो खूश व्हायच्या ऐवजी गप्प झाला. मग म्हणाला, "आठ साल में चार हजार? ये गाड़ी चली नहीं है भैया, रखी है."

सगळा घोळ इथेच असतो. आपल्याकडे महागडी बाइक चालवायला कमी आणि ठेवायला जास्त घेतली जाते. रविवारी सकाळी एक फेरी, मग महिनाभर कापडाखाली. विकताना तोच कमी आकडा मोठा गुण म्हणून पुढे केला जातो. पण गाडीतल्या अर्ध्या वस्तू किलोमीटरने नाही, वर्षांनी म्हाताऱ्या होतात. टायरचं रबर कडक होतं, फोर्कच्या सीलचे ओठ वाळतात, ब्रेक फ्लुइड हवेतलं पाणी ओढून घेतं, टाकीत पेट्रोल शिळं होतं, बॅटरी मरते. 797 सारख्या डुकाटीत यात आणखी एक नाव वाढतं: टायमिंग बेल्ट.

797 चं इंजिन 803 सीसीचं, एअर-कूल्ड, दोन सिलिंडर एकमेकांशी काटकोनात. त्याचे कॅमशाफ्ट दोन दातेरी रबरी पट्ट्यांवर फिरतात. पट्टा तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतो आणि इंजिन उघडावंच लागतं. म्हणून पट्ट्याला किलोमीटरबरोबर वयाचीही मर्यादा असते, साधारण पाच वर्षं. दोन्हींतली जी आधी येईल ती पाळायची. चार हजार चाललेल्या आठ वर्षांच्या गाडीत पट्टे मूळचेच असतील, तर तिच्या मीटरवरचा आकडा कितीही देखणा असो, चालवत घरी नेण्याआधी ते बदलावे लागतात. मिस्त्रीने मालकाला पहिला प्रश्न हाच विचारला. मालक म्हणाला, "सर्व्हिस सगळी कंपनीत झालीय." पावती मागितली तर पहिल्या सर्व्हिसची निघाली. त्यानंतरची नाहीच.

डुकाटीची दुसरी खोड म्हणजे तिचा डेस्मो. साध्या इंजिनात व्हॉल्व्ह उघडतो कॅम आणि मिटवते स्प्रिंग. अशा डुकाटीत मिटवायलाही वेगळा रॉकर असतो. फाबिओ ताल्योनी या अभियंत्याने 1956 मध्ये 125 सीसीच्या रेसिंग गाडीत ही रचना यशस्वी करून दाखवली आणि तेव्हापासून ती कंपनीची ओळख झाली. त्याचा हिशेब ग्राहकाने समजून घ्यावा: 797 ला सिलिंडरमागे दोन, म्हणजे एकूण चार व्हॉल्व्ह, प्रत्येकाची उघडण्याची आणि मिटण्याची अशी दोन अंतरं, म्हणजे आठ ठिकाणी फीलर गेज घालायचा आणि जिथे फरक असेल तिथे शिम बदलायची. या मॉडेलला हे काम दर 12,000 किलोमीटरला येतं. पानिगालेसारख्या नव्या, मोठ्या इंजिनांत ते बरंच लांबलेलं आहे. काम अवघड नाही, वेळखाऊ आहे, आणि शिम जवळ नसल्या तर गाडी आठवडाभर उघडी पडून राहते.

आता तपासणी. मिस्त्रीने आदल्या दिवशीच बजावलं होतं की आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पोहोचताच त्याने किल्ली मागितली नाही. हाताचा पंजा सिलिंडरच्या फिन्सवर ठेवला. गार होतं. आधीच गरम करून ठेवलेली गाडी थंडीतला खडखडाट, धूर आणि बॅटरीची दमछाक लपवते, म्हणून ही सवय. मग मल्टिमीटर. बंद गाडीत साडेबाराच्या आसपास व्होल्ट दिसले पाहिजेत, इंजिन फिरताना चौदाच्या जवळ. मधेच आकडा खाली-वर झाला तर रेग्युलेटर-रेक्टिफायरवर संशय घ्यायचा. जुन्या इटालियन गाड्यांना रस्त्यात उभं करणारा भाग बहुतेक वेळा इंजिनात नसतो, तो हाच असतो.

इंजिनाकडे तो अजून वळलाच नव्हता. खिशातून पांढरा रुमाल काढून त्याने पुढच्या फोर्कच्या चकचकीत नळ्या वरून खाली पुसल्या. एका बाजूला तेलाची कड उमटली, सील गेलेलं. मग हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवून, गुडघ्यावर बसून, फ्रेमच्या मानेपाशी हँडल जिथे अडतं ती जागा टॉर्चने पाहिली. गाडी कधी जोरात आपटली असेल तर तिथे चेप किंवा उडालेला रंग सापडतो. टाकी, फेअरिंग, लिव्हर हे सगळं बदलता येतं. ही जागा सहसा कुणी दुरुस्त करत नाही. इथे ती स्वच्छ होती. ब्रेकच्या डबीतलं फ्लुइड मात्र जुन्या चहाच्या रंगाचं. टायरच्या कडेवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. ते कारखान्यातून आले तेव्हाचेच निघाले. टायरची नक्षी शाबूत होती, रबरात नखं रुतत नव्हती.

गाडी सुरू झाली आणि छान सुरू झाली. डुकाटी सुरू झाल्यावर ग्राहकाचं डोकं चालेनासं होतं, हे विकणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. भाच्याचा चेहरा पाहून मी त्याला बाहेर पान खायला पाठवलं.

चालवून पाहताना आधी घमापूर चौकाची गर्दी, नंतर मोकळा रस्ता, हा क्रम सोडू नये. मे महिन्यात जबलपूर पंचेचाळीस अंशांवर जातं. एअर-कूल्ड इंजिनाला वाहता वारा लागतो. ऑटो, सायकली आणि हातगाड्यांत पहिल्या गियरवर दहा मिनिटं रखडल्यावर क्लच कसा सुटतो, न्यूट्रल सापडतो का, आयडलिंग डगमगतं का, हे तिथेच कळतं. तिलवारा घाटापलीकडे नागपूर रस्त्यावर वाईट गाडीसुद्धा चांगलीच वाटते.

पेट्रोलचीही गोष्ट सांगायला हवी. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे. डुकाटीच्या काही जुन्या मॉडेलांना नायलॉनच्या टाक्या होत्या आणि इथेनॉलने त्या फुगतात, हे अमेरिकेत न्यायालयापर्यंत गेलेलं प्रकरण आहे. दहा-पंधरा वर्षांची मॉन्स्टर पाहत असाल तर टाकीचा मागचा बोल्ट काढून परत बसतो का पाहा. फुगलेल्या टाकीची भोकं जुळत नाहीत. स्टीलची टाकी असेल तर पुढचं दुखणं टळतं. चुंबक लावून पाहायला काही पैसे पडत नाहीत.

"असली इटलीची आहे ना?" हा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. भारतात विकल्या गेलेल्या बऱ्याच डुकाटी थायलंडच्या रायोंगमधल्या कारखान्यातून आल्या आणि त्यात कमीपणा नाही. बेनेली तर पेसारो गावची, 1911 पासूनची कंपनी, पण 2005 पासून तिची मालकी चीनच्या चिआनजिआंगकडे आहे. बेनेलीची कहाणी आपल्या पुण्याशी जोडलेली आहे. 2015 मध्ये तिथल्या डीएसके समूहाने ती भारतात आणली, वाईला जुळणी व्हायची, आणि चार सिलिंडरची टीएनटी 600आय तिच्या आवाजावर भराभर खपली. 2018 मध्ये समूह अडचणीत आला आणि ग्राहक सर्व्हिस शोधत फिरू लागले. त्याच वर्षी हैदराबादच्या महावीर समूहाने धुरा घेतली. त्यामुळे या काळातली 600आय पाहताना मधल्या महिन्यांत गाडीला कोणी हात लावला, हे खोदून विचारा. इंजिन टणक आहे, पण वायरिंगमध्ये हौशी हातांनी मारलेल्या गाठी मी पाहिल्या आहेत.

कागदांवर लोक सर्वांत कमी वेळ देतात. एमएच पासिंगची गाडी जबलपुरात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर एमपी-20 चा नवा नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी मूळ आरटीओची फॉर्म 28 वरची एनओसी, विक्रीचे 29 आणि 30, आरसीवर बँकेचा बोजा असेल तर 35, शिवाय मध्य प्रदेशचा कर नव्याने. महाराष्ट्राकडून उरलेल्या वर्षांचा परतावा मागता येतो, तो मिळेल तेव्हा मिळेल. चेसिस नंबर आरसीवरून नाही, हँडलच्या मानेवर कोरलेला वाचा आणि तोच नंबर डीलरला सांगून कंपनीने परत बोलावलेल्या दुरुस्त्या झाल्यात का ते विचारा. किल्ल्या दोन हव्यात. विम्याच्या पॉलिसीवर नो क्लेम बोनस शून्य दिसला तर अपघात, चोरी की नुसता खंड, हे मालकाच्या तोंडून ऐका.

शेवटी भाच्याला मी जी सुचवली ती गाडी बारामतीची आहे. एप्रिलिया आरएस 457. नाव नोआले गावचं, मालकी 2004 पासून पियाज्जोची, आणि ही गाडी बनते पियाज्जोच्या बारामतीच्या कारखान्यात. तिथूनच ती युरोपालाही जाते. डिसेंबर 2023 मध्ये गोव्यात तिची किंमत जाहीर झाली, 4 लाख 10 हजार एक्स-शोरूम. दोन सिलिंडर, 47 च्या पुढे अश्वशक्ती, अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम, पेट्रोलसकट 175 किलो. डेस्मोची भानगड नाही, पाणी फिरवून थंड होणारं इंजिन, टायरसुद्धा देशी टीव्हीएस युरोग्रिप. नवी पिढी असल्यामुळे सेकंडहँडमध्ये आलेल्या गाड्या फार जुन्या नाहीत. तपासणी मात्र तीच: पंजा, मल्टिमीटर, रुमाल, टॉर्च. रेडिएटरला दगडाचे टोले आणि शीतकाची पातळी एवढं यात वाढवा. व्हेस्पा विकणारा प्रत्येक दुकानदार 457 उघडतोच असं नाही, तेव्हा तुमच्या गावातला उघडतो का, हे गाडी बघायच्या आधी विचारा.

लाल मॉन्स्टर आम्ही सोडली. पट्टे, टायर, सील, फ्लुइड, टेम्पोचं भाडं आणि नवा कर असं सगळं कागदावर मांडल्यावर मालकाची "चार हजार किलोमीटरची" किंमत कुठेच बसत नव्हती, आणि तो ती खाली आणायला तयार नव्हता. तीच गाडी वीस हजार पळालेली आणि पावत्यांची फाइल जाड असती, तर मी भाच्याला घे म्हणालो असतो. तुम्ही कुठलीही घ्या. पण बेल्टवाली डुकाटी असेल तर बेल्ट बदलल्याची पावती आणि परराज्यातली असेल तर आरटीओची एनओसी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय विसाराचा रुपयाही देऊ नका.