हळदीचा डाग, ऊन आणि औषधाला न जुमानणारे जंतू

पांढऱ्या सदऱ्यावर वरणाचा डाग पडला की आपल्याकडे तो धुऊन सरळ उन्हात टाकतात. नागपूरचं एप्रिलमधलं ऊन असेल तर संध्याकाळपर्यंत डाग चांगलाच फिका पडतो. हळदीतलं करक्युमिन हे पिवळं रंगद्रव्य प्रकाश शोषून घेतं आणि त्यातच स्वतः मोडत जातं. सातवी-आठवीच्या मुलांना हे जरूर करून दाखवा. कापड हळदीच्या पाण्यात बुडवून सावलीत वाळवायचं, अर्ध्या भागावर काळा कागद टाचायचा आणि दिवसभर उन्हात ठेवायचं.

पण शोषलेला प्रकाश करक्युमिनलाच मोडून थांबत नाही. त्यातली काही ऊर्जा आजूबाजूच्या ऑक्सिजनला मिळते आणि तो अतिशय आक्रमक होतो. जवळ जंतू असेल तर त्याचं आवरण, प्रथिनं, डीएनए, जे सापडेल त्याची मोडतोड करतो. रंगद्रव्य, प्रकाश आणि ऑक्सिजन, तिन्ही एकत्र हवेत.

हे पहिल्यांदा लक्षात आलं ते म्युनिकमध्ये. ऑस्कर राब हा विद्यार्थी अ‍ॅक्रिडीन नावाच्या रंगद्रव्यात पॅरामेशियम ठेवून ते किती वेळात मरतात हे मोजत होता. वेळ काही जुळेना! फरक उजेडामुळे पडतोय हे त्याने ओळखलं आणि १९०० मध्ये छापलं. पुढे पेनिसिलिनसारखी प्रतिजैविकं आली आणि ही वाट मागे पडली.

आता ती पुन्हा का आठवावी? पालकहो, गजकर्णाचंच उदाहरण घ्या. उकाडा, घाम, एकमेकांचे टॉवेल यांमुळे ते घरभर पसरतं. त्यावरचं टर्बिनाफिन हे औषध बुरशीच्या एका विशिष्ट विकराला अडवतं. भारतात पसरलेल्या, २०२० मध्ये ट्रायकोफायटन इंडोटिनी असं नाव मिळालेल्या बुरशीच्या अनेक नमुन्यांत त्या विकराच्या जनुकातच बदल झालेला आढळतो. मग औषध लागू पडत नाही. म्हणजे कुलूप बदललं, किल्ली तीच! त्यात दुकानातून स्वतःच आणलेल्या स्टेरॉइडच्या ट्यूबा. खाज थांबते, बुरशी मात्र आतल्या आत वाढत राहते.

प्रकाशाचा मारा एका कुलपावर नसतो, एकाच वेळी अनेक ठिकाणी होतो. म्हणून त्याला तोंड देणं जंतूला जड जातं. अशक्य आहे असं मात्र कुणी म्हणू नये. प्रकाश थोडाफार सोसणारे जीवाणू प्रयोगशाळेत दिसले आहेत. काही जीवाणूंना तर बाहेरून रंगद्रव्य द्यावंच लागत नाही. त्यांच्याच पेशीत पॉर्फिरिन असतात, आणि ४०५ नॅनोमीटरच्या जांभळट-निळ्या प्रकाशात तेच त्यांच्यावर उलटतात. अनेक प्रतिजैविकांना न जुमानणारा एमआरएसए हा जीवाणूही त्यात येतो.

मर्यादा मोठी आहे. निळा प्रकाश त्वचेत जेमतेम मिलिमीटरभर शिरतो, लाल थोडा अधिक. त्यामुळे जखम, त्वचा, हिरड्या इथे आशा आहे. रक्तातल्या किंवा फुफ्फुसातल्या संसर्गाला हा उपाय नाही.

आपल्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यातली वायगावची हळद जास्त करक्युमिनसाठी नावाजलेली आहे. म्हणून ती लेपून मुलाला उन्हात बसवू नका हं! किती रंगद्रव्य, कोणता प्रकाश, किती मिनिटं हे मोजूनच करावं लागतं, नाहीतर आपलीच कातडी पोळते. गजकर्ण असेल तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जा, घरातल्या सगळ्यांना दाखवा आणि सांगितलेले दिवस औषध पुरं करा.

वर्गात एखादा हमखास विचारेल, "सर, मग वॉटर प्युरिफायरमधला दिवा?" तो अतिनील किरणांचा. ते किरण मधल्या रंगद्रव्याशिवाय थेट जंतूच्या डीएनएवर घाव घालतात. आपल्या डोळ्यांना आणि कातडीलाही ते तितकेच घातक, म्हणून तो दिवा बंद नळीत ठेवलेला असतो.