दिसतो एक, असतात आठ: कॅडमधल्या सुट्या रेषा जोडायच्या कशा?

आजचा विषय आहे ऑटोकॅडमधल्या सुट्या रेषा एकत्र जोडणं. ऐकायला किरकोळ वाटेल, पण पत्रा कापायला द्यायची वेळ येते तेव्हा हीच गोष्ट खिशाला लागते. कमांड नुसत्या ऐकून लक्षात राहत नाहीत, म्हणून हा एपिसोड सगळा लिहूनच देतोय.

एक साधी प्लेट घेऊया. 200 बाय 120 मिलिमीटर, चारही कोपरे 10 मिलिमीटर त्रिज्येने गोल केलेले. स्क्रीनवर आपल्याला एक आकार दिसतो. ऑटोकॅडला मात्र चार रेषा आणि चार आर्क, असे आठ सुटे तुकडे दिसतात. विश्वास नसेल तर एका बाजूवर क्लिक करा. तेवढीच बाजू निवडली जाईल.

असं का? कारण फाइलमध्ये लाइन म्हणजे फक्त दोन टोकं: इथून सुरू, तिथे संपली. शेजारी कोण आहे, हे तिला माहीतच नसतं. पॉलीलाइनचं तसं नाही. तिच्यात सगळे बिंदू ओळीने लिहिलेले असतात, आकार बंद आहे की उघडा याची नोंद असते, आणि गोलाईसाठी प्रत्येक तुकड्याला 'बल्ज' नावाचा एक आकडा असतो. सरळ तुकड्याचा बल्ज 0, अर्धवर्तुळाचा 1. आपल्या काटकोनातल्या कोपऱ्याचा साधारण 0.414.

बरं, यानं फरक काय पडतो? समजा ही फाइल भोसरीतल्या किंवा अंबडमधल्या एखाद्या लेसर कटिंगवाल्याकडे गेली. लेसर कापताना थोडा पत्रा जाळतो, त्या रुंदीला 'कर्फ' म्हणतात. माप बरोबर यावं म्हणून मशीन कर्फच्या निम्मं अंतर बाजूला सरकून कापतं. बाहेरची कड असेल तर बाहेर, भोक असेल तर आत. आता आकार बंदच नसेल तर आत कुठलं आणि बाहेर कुठलं, हे ठरवणार कसं? शिवाय प्रत्येक सुटा तुकडा वेगळा कट धरला गेला, तर दरवेळी पत्र्याला नव्याने भोक पाडून सुरुवात. वेळ वाढतो, बिलही वाढतं.

पहिला उपाय: जॉइन. 'जे' टाइप करा, एंटर, सगळे तुकडे निवडा, एंटर. टोकं नेमकी जुळत असतील तर काम झालं. एकाच सरळ ओळीतल्या रेषा असतील तर मध्ये फट असली तरी जॉइन ती भरून एकच लाइन करतं. पण कोपऱ्यातली फट ते भरत नाही.

दुसरा उपाय: पीएडिट. 'पीई' एंटर, मग मल्टिपलसाठी 'एम' एंटर, सगळं निवडून एंटर. रेषांची पॉलीलाइन करू का, असं विचारेल, 'वाय' एंटर. मग जॉइनसाठी 'जे' एंटर. आता ते 'फझ डिस्टन्स' मागेल. म्हणजे टोकं किती लांब असली तरी जुळली असं धरायचं, ते अंतर. मिलिमीटरच्या ड्रॉइंगला 0.01 ने सुरुवात करा.

इथे हात आखडता ठेवा. फझ म्हणजे सॉफ्टवेअरला 'इतकं चालवून घे' असं सांगणं. प्लेटमध्ये अर्ध्या मिलिमीटरची खाच आहे आणि तुम्ही फझ 1 दिलं, तर खाचेच्या दोन काठांची टोकं एकमेकांना चिकटू शकतात. खाच गेली, आणि कळलंही नाही.

तरीही जोडलं जात नाहीये? मग तीन गोष्टी तपासा.

एक, बारीक फट. पॅनलमध्ये 100.00 दिसतं, आत 100.0004 असू शकतं. युनिट्समध्ये दशांश वाढवून बघा.

दोन, झेड. साधी पॉलीलाइन सपाट असते, तिला एकच उंची असते. वरून बघताना दोन टोकं एकमेकांवर दिसतात, पण एक टोक 3 मिलिमीटर वर असतं. कंट्रोल आणि 1 दाबून प्रॉपर्टीज उघडा आणि लाइनचे स्टार्ट झेड, एंड झेड दोन्ही 0 करा. आर्कला सेंटर झेड बघा.

तीन, एकावर एक बसलेल्या रेषा. कॉपी-पेस्टमध्ये हे सर्रास होतं. एका टोकाला तीन तुकडे भेटले की पॉलीलाइनला फाटा फुटू शकत नाही. एक वाट जोडली जाते, दुसरी उरते. आणि जोडायचं राहूच द्या, अशी दुहेरी रेषा मशीन दोनदा कापू शकतं. म्हणून जोडण्याआधी 'ओव्हरकिल' चालवा, डुप्लिकेट निघून जातील.

ऑटोकॅड नसेल तर फ्रीकॅड मोफत आहे. त्याच्या ड्राफ्ट विभागात 'अपग्रेड' हे बटण टोकं जुळलेल्या रेषांची एक वायर करतं.

आता शेवटची आणि सगळ्यात महत्त्वाची पायरी: पडताळणी. 'दिसतंय बरोबर' यावर जाऊ नका, कारण सुटे आठ तुकडेही बरोबरच दिसत होते. जोडलेल्या आकारावर क्लिक करा आणि प्रॉपर्टीजमध्ये तीन ओळी वाचा. क्लोज्डपुढे 'येस' हवं. लांबी: सरळ बाजू 560 अधिक चार कोपऱ्यांचे मिळून 62.83, म्हणजे 622.83. क्षेत्रफळ: 24000 वजा कोपऱ्यांचे 85.84, म्हणजे 23914.16. तिन्ही जुळलं की मगच फाइल पाठवा. कॅल्क्युलेटर फोनमध्येच आहे, आणि कापलेला पत्रा अनडू होत नाही.

भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये!