घरी जायचंय, पण विम्याच्या लेखी ते ‘परदेश’ आहे का?

दोन वर्षांपूर्वी गणपतीला सांगलीला गेले होते. अनंत चतुर्दशीच्या आदल्या दिवशी तापाने फणफणले. डेंग्यू. प्लेटलेट्स घसरल्या, पाच दिवस ॲडमिट. बिल बाबांनी भरलं, आणि मी त्यांना सलाईन लावलेल्या हाताने ऐटीत सांगितलं, ‘काळजी करू नका, जर्मनीतून विमा काढून आलेय.’ परतल्यावर बिलं, रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड, सगळं कंपनीला पाठवलं. दावा नामंजूर! कारण काय, तर मी भारतीय नागरिक, आणि त्या पॉलिसीप्रमाणे भारत हा माझ्यासाठी ‘परदेश’ नव्हताच.

माझा पीएचडीचा विषय आरोग्य विम्याचं अर्थशास्त्र आहे. हसा.

आधी जर्मनीतली व्यवस्था थोडक्यात. इथल्या सरकारी आरोग्य विम्याचं कार्ड युरोपीय संघात चालतं. त्याबाहेर, करार नसेल तर, तुमचा हक्क तेवढ्या काळापुरता स्थगित असतो. माझ्या ऑफिसातली तुर्की मैत्रीण इस्तंबूलला जाते तेव्हा विमा कंपनीकडून एक फॉर्म घेऊन जाते, आणि तातडीचे उपचार तिथल्या सरकारी व्यवस्थेत होतात. १९६१ मध्ये जर्मनीने तुर्कस्तानातून कामगार आणायला सुरुवात केली आणि १९६४ मध्ये दोन्ही देशांनी सामाजिक सुरक्षेचा करार केला, त्याचं हे फळ. भारत-जर्मनी करार २०१७ मध्ये लागू झाला, पण तो पेन्शनचा. आजारपणाला त्याचा उपयोग नाही. म्हणून आपल्याला वेगळा प्रवासी आरोग्य विमा लागतो. (त्याचं जर्मन नाव आउसलांड्सराइजेक्रांकेनफरझिशरुंग. एका दमात म्हणून दाखवा.) वर्षाला अनेकदा दहा-वीस युरोंत मिळतो, म्हणून कुणी अटी वाचत नाही. मीही नाही वाचल्या.

आता प्रश्न असा की ही नागरिकत्वाची अट कंपन्या घालतातच का? याचं उत्तर मी ज्या निबंधांवर वर्ग घेते, त्यांतच आहे. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या गाड्यांच्या बाजाराचं उदाहरण घेऊन दाखवलं की विकणाऱ्याला मालाची खोट ठाऊक आहे आणि घेणाऱ्याला नाही, अशा ठिकाणी बाजारच कोलमडू शकतो. त्याच निबंधात, पासष्टीपुढच्या लोकांना आरोग्य विमा मिळणं का अवघड जातं, हेही येतं. विम्यात खोट ठाऊक असते ती विमा घेणाऱ्याला. यालाच प्रतिकूल निवड म्हणतात. ज्याला खर्च होणार हे आधीच माहीत आहे, तोच हौसेने विमा काढतो.

बालीला फिरायला जाणारा माणूस तिथे रूट कॅनल करायचं ठरवून जात नाही. मी सांगलीला निघाले की आईने दातांच्या डॉक्टरांची वेळ आधीच घेतलेली असते. स्थलांतरितांच्या आरोग्यावरच्या संशोधनात ‘सॅमन बायस’ अशी एक संज्ञा आहे. सॅमन मासा जन्मलेल्या नदीत परततो, तशी काही माणसं आजारपणात किंवा म्हातारपणी मायदेशी परततात. कंपनीला भीती या माशाची आहे.

भीती खोटी नाही, पण उपाय मला अतिरेकी वाटतो. प्रवासाआधीच ठाऊक असलेल्या उपचारांचे पैसे मिळणार नाहीत, ही अट बहुतेक पॉलिसींत असतेच. दातांचा प्रश्न तिथेच मिटतो. मग डेंग्यूला नागरिकत्व कशाला विचारायचं?

बरं, खरी गरज आपल्यालाच जास्त असते. प्रवासी आरोग्याच्या अभ्यासात नातेवाइकांकडे जाणाऱ्यांचा वेगळा गट करतात, कारण टायफॉइड, मलेरिया यांसारखे आजार त्यांच्यात जास्त दिसतात. ते हॉटेलात न राहता घरात राहतात, जास्त दिवस राहतात, आणि जाण्याआधी डॉक्टरांचा सल्ला कमी घेतात. ‘आपलंच तर गाव आहे, लहानपणापासून तेच पाणी प्यायलोय’ हे वाक्य मीही म्हटलंय. मच्छरदाणीसुद्धा लावली नव्हती.

मग भारतातच पॉलिसी काढावी का? अनिवासी भारतीयांना ती मिळते, पण अपघात सोडला तर पहिल्या तीस दिवसांतल्या आजाराचा दावा साधारणपणे चालत नाही. आधीपासूनच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. दरवर्षी येणाऱ्याने ती चालू ठेवली तर उपयोग आहे, विमानतळावर उतरून काढली तर नाही.

म्हणजे पॉलिसी इथूनच घ्यायची, पण बघून. अटींमध्ये ‘आउसलांड’ म्हणजे परदेश या शब्दाची व्याख्या शोधा. ‘कायमचं वास्तव्य असलेला देश वगळून’ एवढंच असेल तर तुमचं काम झालं. पुढे ‘किंवा नागरिकत्व असलेला देश’ आलं की ती पॉलिसी बंद करा. मग दिवस मोजा. वार्षिक पॉलिसीत एका प्रवासाला बहुधा सहा ते आठ आठवड्यांची मर्यादा असते, त्यामुळे फील्डवर्कसाठी तीन महिने जाणाऱ्यांनी वेगळी, दीर्घ मुदतीची घ्यावी.

मधुमेह, हृदयविकार किंवा वयामुळे कुणी विमाच देत नसेल, तर एक वाट आहे आणि ती फार कमी लोकांना माहीत आहे. अशा वेळी सरकारी विमा युरोपाबाहेरच्या तातडीच्या उपचारांचा खर्च जर्मनीतल्या दरापर्यंत, वर्षात जास्तीत जास्त सहा आठवडे, उचलतो. पण खाजगी कंपन्यांचा नकार दाखवून मंजुरी निघण्याआधी घ्यावी लागते. विमानात बसल्यावर अर्ज करून काही होत नाही.

यंदा मी पैसे भरायच्या आधी कंपनीला ईमेल केला: पासपोर्ट भारतीय, राहते जर्मनीत, तीन आठवडे सांगलीला जातेय, आजारी पडले तर खर्च द्याल का? दोन दिवसांनी एका ओळीचा होकार आला. त्याची प्रिंट पासपोर्टमध्ये ठेवलीय आणि एक बाबांना व्हॉट्सॲपवर पाठवलीय. त्यांचं उत्तर आलं: ‘ठीक. मच्छरदाणी बांधून ठेवलीय.’