शांतता विकत घेताना

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागू झाली आणि शहरांतील असंख्य दिवाणखान्यांचे एका आठवड्यात कार्यालय झाले. तोपर्यंत गाणी ऐकण्याची हौस म्हणून घेतली जाणारी हेडफोन ही वस्तू तेव्हापासून कामाच्या साधनांत जमा झाली. आता कार्यालये पुन्हा उघडली आहेत. तरी आठवड्यातील काही दिवस घरून काम, उरलेले दिवस लोकल किंवा मेट्रोचा प्रवास आणि भिंती नसलेल्या मोकळ्या कार्यालयातील कलकलाट, अशा वेळापत्रकात हेडफोनची गरज कमी न होता वाढलीच आहे. दुकानात गेल्यावर मात्र ग्राहक गोंधळतो. हजार-दीड हजाराच्या खोक्यावर आणि तीस हजारांच्या खोक्यावर ‘नॉईज कॅन्सलेशन’ हे एकच शब्दयुग्म ठळक छापलेले असते. विक्रेत्याला फरक विचारला, तर उत्तर बहुधा ‘ब्रँडचा फरक’ असे मिळते. ते अपुरे आहे.

आवाजाने आवाज मारण्याची ही कल्पना बरीच जुनी आहे. पॉल ल्यूग या जर्मन शास्त्रज्ञाला १९३६ मध्ये अमेरिकेत तिचे पेटंट मिळाले होते. तिला हेडफोनचे रूप देण्याचे मोठे श्रेय जाते अमर बोस यांना. बंगालमधील स्वातंत्र्यलढ्यात भाग घेऊन पुढे अमेरिकेत गेलेल्या वडिलांचे हे चिरंजीव. १९७८ मध्ये झुरिचहून बोस्टनला येताना विमानात मिळालेले हेडफोन त्यांनी कानाला लावले. इंजिनाच्या घरघरीत संगीत धड ऐकू येईना, तेव्हा त्या प्रवासातच त्यांनी यावरील गणित मांडायला घेतले. १९८६ मध्ये ‘व्हॉयेजर’ या विमानाने कुठेही न उतरता नऊ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा केली. त्यातील दोन्ही वैमानिकांच्या कानांचे रक्षण बोस यांच्या प्रायोगिक हेडफोनने केले. १९८९ मध्ये वैमानिकांसाठीचे उपकरण बाजारात आले आणि २००० मध्ये सामान्य प्रवाशासाठीचे. या तंत्राचा जन्म विमानाच्या घरघरीतून झाला, हे लक्षात ठेवले की त्याचे सामर्थ्य आणि मर्यादा दोन्ही चटकन समजतात.

ध्वनी म्हणजे हवेच्या दाबातील चढउतार. हेडफोनवरील सूक्ष्म मायक्रोफोन बाहेरचा आवाज टिपतो, आतील चिप त्याच्या नेमकी उलटी लहर तयार करते आणि ती कानाजवळच्या स्पीकरमधून सोडली जाते. एका लहरीचा चढ दुसरीच्या उतारात भरला जातो आणि आवाज विरतो. मायक्रोफोन फक्त बाहेरच्या बाजूला असला तर खर्च कमी येतो. चांगल्या हेडफोनमध्ये दुसरा मायक्रोफोन आत, कानाच्या तोंडाशी असतो आणि आवाज खरोखर किती मिटला हे तपासून दुरुस्ती करत राहतो. दोन्ही बाजूंच्या या रचनेला ‘हायब्रीड’ म्हणतात. खोक्यावर शोधायचा शब्द हा.

मात्र ही उलटी लहर अगदी वेळेवर पोहोचली तरच उपयोग. शंभर हर्ट्‌झच्या घुमणाऱ्या आवाजाची एक लहर सुमारे साडेतीन मीटर लांब असते. तीन हजार हर्ट्‌झच्या कर्कश आवाजाची जेमतेम अकरा सेंटिमीटर. पहिल्या ठिकाणी थोडी चूक खपून जाते, दुसऱ्या ठिकाणी नाही. म्हणून पंखा, वातानुकूलन यंत्र, बसचे इंजिन, रेल्वेची घरघर असे खालच्या पट्टीतील, एकसुरी आवाज हे हेडफोन झकास पुसतात. कुकरची शिट्टी, रिक्षाचा भोंगा, तान्ह्या मुलाचे रडणे किंवा वरच्या मजल्यावर अकस्मात सुरू झालेले ड्रिल यांच्यापुढे चिप हतबल ठरते. तिथे उपयोगी पडते ती कानाभोवतीची जाड गादी. ढोल-ताशाचा सराव खिडकीखाली चालू असेल तर ढोलाचा घुमार काहीसा बोथट होईल. ताशा ऐकू येणारच. शेजारच्या टेबलावरील सहकाऱ्याचे बोलणेही पूर्ण नाहीसे होत नाही. उलट पंख्याची घरघर गेल्यामुळे ते क्वचित अधिक स्पष्ट वाटते! घेतलेला हेडफोन सदोष असल्याची तक्रार पुष्कळदा यातून उद्भवते, आणि ती हेडफोनवर अन्याय करणारी असते.

खरी फसगत दुसरीकडे आहे. स्वस्त उत्पादनांवर ‘ईएनसी’ अशी अक्षरे असतात. हे तंत्र आपल्या मायक्रोफोनमधून जाणारा आवाज स्वच्छ करते. म्हणजे फायदा पलीकडच्या माणसाला, वापरणाऱ्याच्या कानाला काही नाही. कानाला शांतता देणारे तंत्र ‘एएनसी’. एका अक्षराचा हा फरक जाहिरातीत खुबीने पुसट ठेवला जातो. दिवसभर फोनवर बोलणाऱ्या विमा प्रतिनिधीला कदाचित पहिलेच हवे असेल, प्रवासात वाचन करणाऱ्याला दुसरे. दोन्ही हवे असेल तर दोन्ही स्वतंत्रपणे लिहिलेले आहे का, हे पाहावे.

कामासाठी घेणाऱ्यांची आणखी एक ठरलेली तक्रार असते. पंचवीस हजारांचा हेडफोन गाणी सुरेख ऐकवतो, पण संगणकावरील बैठक सुरू होताच आवाज जुन्या टेलिफोनसारखा का होतो? दोष ब्लूटूथच्या जुन्या रचनेचा आहे. त्यात उत्तम प्रतीचा आवाज एकाच दिशेने जातो. हेडफोनचा मायक्रोफोन चालू झाला की दोन्ही दिशांसाठी वाट अरुंद होते आणि दर्जा घसरतो. ‘एलई ऑडिओ’ या नव्या पद्धतीत ही अडचण बरीच दूर होते; पण त्यासाठी हेडफोन आणि संगणक दोन्ही त्या पद्धतीचे लागतात. तोवर उपाय सोपा आहे. बैठकीच्या सॉफ्टवेअरमध्ये ऐकण्यासाठी हेडफोन आणि बोलण्यासाठी लॅपटॉपचा मायक्रोफोन निवडावा. घरात गडबड असेल तर मात्र हा उपाय पलीकडच्यांना त्रासदायक होतो. दिवसाचे पाच-सहा तास बोलण्यातच जात असतील, तर तोंडापाशी दांडी येणारा कार्यालयीन हेडसेट कमी किमतीत अधिक चांगले काम करतो, भले तो दिसायला कॉल सेंटरची आठवण करून देत असेल.

एवढा खर्च केवळ चैनीचा आहे का, या प्रश्नाचे उत्तर कानांच्या आरोग्याकडे बोट दाखवते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ माणसाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकणे सुरक्षित आहे. दर तीन डेसिबलच्या वाढीला ही मुदत निम्मी होते: ८३ ला वीस तास, ८६ ला दहा, ८९ ला पाच. आता विरार किंवा कल्याणहून मुंबईत येणारा प्रवासी विचारात घ्यावा. जाण्यायेण्याचे रोज दोन-अडीच तास, आठवड्याचे सहा दिवस. डब्यातील खडखडाटावर मात करण्यासाठी साध्या इअरफोनचा आवाज त्याने ८९ डेसिबलपर्यंत चढवला, तर आठवड्याची मर्यादा तिसऱ्या दिवशी ओलांडली जाते. घरघर आधीच कमी झाली असेल तर तेच गाणे निम्म्या आवाजातही ऐकू येते. आंतरकर्णातील केशपेशी एकदा नष्ट झाल्या की पुन्हा उगवत नाहीत. या हेडफोनचे खरे मोल इथे आहे, अर्थात आवाज खरोखर खाली आणला तर! अनेक जण शांततेच्या पायावर आवाजाचा आणखी एक मजला चढवतात. मुलांसाठी ही मर्यादा ८० ऐवजी ७५ डेसिबल आहे.

कानावर बसणारा घ्यावा की कानात जाणारा, हा प्रश्न हवामान आणि सवयीचा आहे. कानावर बसणाऱ्या हेडफोनचे वजन साधारण अडीचशे ग्रॅम असते. ॲपलच्या ‘एअरपॉड्स मॅक्स’चे तब्बल ३८५च्या आसपास. दुकानात दोन मिनिटे लावून ते कळत नाही. तासाभराने मान सांगते. चष्मा लावणाऱ्यांनी तर चष्म्यासकट तपासून पाहावे. चष्म्याची काडी गादी आणि त्वचा यांत फट पाडते आणि त्या फटीतून नेमका खालच्या पट्टीतील आवाज आत शिरतो. मोठ्या झुमक्यांचेही तेच. किनारपट्टीच्या दमट हवेत कृत्रिम चामड्याची गादी घामाने सोलपटते, म्हणून सुटी गादी भारतात मिळते का, हे आधी विचारलेले बरे. कानात जाणारे इअरफोन घामाला बरे, खिशात मावणारे. मात्र सिलिकॉनचे टोक योग्य मापाचे नसेल तर सारे तंत्र वाया जाते. सोबत दिलेली सर्व मापे लावून पाहण्याचे कष्ट फार थोडे लोक घेतात. काहींना आवाज पुसला जाताना कानात दाब आल्यासारखे वाटते, कोणाला गरगरते. ते आधी ठाऊक असणे शक्य नसते.

कोडेक नावाच्या आद्याक्षरांनी भारून जाऊ नये. आयफोनवर ‘एएसी’ चालते, सोनीचे ‘एलडॅक’ चालत नाही. त्यासाठी जास्त पैसे मोजणाऱ्या आयफोनधारकाला त्याचा लाभ नाही. मोबाईल आणि लॅपटॉप दोन्हींना एकाच वेळी जोडता येणे, ज्याला ‘मल्टिपॉइंट’ म्हणतात, ते रोजच्या कामात कितीतरी अधिक उपयुक्त. वायर जोडण्याची सोय असेल तर विमानातील पडद्यासाठी आणि बॅटरी संपल्यावर ती कामी येते. बॅटरी बहुतेक ठिकाणी आता पुरेशी असते.

एक गोष्ट विक्रेता सांगत नाही. हे उपकरण मागून येणाऱ्या बसचा आवाजही तितक्याच इमानाने पुसते. रूळ ओलांडणे बेकायदा आहेच. हेडफोन लावून ते करणे जिवाशी खेळ होय. रस्त्यावर चालताना बाहेरचा आवाज आत घेणारा ‘ट्रान्स्परन्सी’ किंवा ‘ॲम्बिएंट’ प्रकार चालू ठेवता येतो. ते बटण चाचपडत शोधावे लागत असेल, तर तो हेडफोन शहरासाठी योग्य नव्हे.

दुकानातील वातानुकूलित शांततेत केलेली चाचणी फारशी उपयोगाची नसते. खरेदीपूर्वी परत करण्याची मुदत आणि अटी लेखी पाहाव्यात. इअरफोन स्वच्छतेच्या कारणास्तव काही विक्रेते परत घेत नाहीत. मुदत मिळाली तर पहिल्या दिवशी नेहमीच्या लोकलमध्ये, नेहमीच्या चष्म्यासह, एक तास वापर करावा आणि त्याच दिवशी एक बैठकही घ्यावी. पलीकडच्या माणसाला आवाज कसा आला, हे विचारायला विसरू नये. खोके आणि पावती मुदत संपेपर्यंत जपून ठेवावी.