जमिनीचा जुना केसपेपर

रोज डोळ्यांसमोर असणाऱ्या माणसाचे वजन घटत चालले आहे, हे घरच्यांच्या लक्षात येत नाही. आमच्या ओपीडीत असे रुग्ण नेहमीचे. सोबत आलेला मुलगा सांगतो, ‘बाबा पहिल्यापासून असेच बारीक आहेत.’ मग पिशवीतून चार वर्षांपूर्वीचा केसपेपर निघतो आणि त्यावरचे वजन आजच्यापेक्षा बारा किलोंनी जास्त असते. सावकाश येणारा आजार बऱ्याचदा अशा जुन्या कागदावरच सापडतो.

देशाच्या शेतजमिनीचेही तसेच आहे. इटली म्हटले की आपल्याला पास्ता, ऑलिव्हचे तेल आणि द्राक्षमळे आठवतात. पण तिथल्या कृषिगणनेचे जुने आकडे काढून पाहा. १९८२ मध्ये तिथे सुमारे १ कोटी ५८ लाख हेक्टर जमीन प्रत्यक्ष शेतीच्या वापरात होती. २०२० मध्ये ती सुमारे १ कोटी २५ लाख हेक्टर उरली. म्हणजे ३८ वर्षांत पाचवा हिस्सा गेला. शेती करणारी कुटुंबे आणि संस्था ३१ लाखांहून अधिक होत्या, त्या ११ लाखांवर आल्या. आज तिथे शेती सांभाळणाऱ्या दहा जणांत चाळिशीच्या आतला जेमतेम एक सापडतो.

ही जमीन गेली कुठे? इथे निदान नीट करायला हवे, कारण लक्षण एक असले तरी आजार दोन आहेत.

पहिला आजार सपाटीवरचा. उत्तरेकडे पो नदीचे सुपीक खोरे आहे. तिथल्या शेतांवर कारखाने, गोदामे, रस्ते आणि वसाहती उभ्या राहिल्या. इटलीच्या पर्यावरण संस्थेच्या मोजणीनुसार २०२२ मध्ये देशात दर सेकंदाला सरासरी २.४ चौरस मीटर जमीन बांधकामाखाली गेली. हे वाक्य वाचेपर्यंत एका खोलीएवढी जागा गेली असे समजा. काँक्रीटखाली गेलेली माती जवळपास मेल्यातच जमा. तिच्यात पाणी मुरत नाही, म्हणून पूर चढतो. तिच्यातला ओलावा हवेला थंडावा देत नाही, म्हणून उन्हाळ्याच्या रात्रीही शहर तापलेले राहते. उष्णतेच्या लाटेत म्हाताऱ्या माणसांना खरा धोका असतो तो याच न निवणाऱ्या रात्रींचा. शरीराला दिवसभराच्या ताणातून सावरायला वेळच मिळत नाही.

दुसरा आजार नेमका उलटा आणि डोंगरातला. तिथे जमिनीवर कोणी काही बांधले नाही, फक्त माणसे निघून गेली. दुसऱ्या महायुद्धानंतर डोंगरी गावांतली तरुण पिढी कारखान्यांकडे वळली. शेते पडीक पडली, त्यावर आधी झुडपे आणि मग जंगल आले. १९३०च्या दशकापासून इटलीतले जंगल जवळपास दुप्पट झाले आहे. ऐकायला ही चांगली बातमी, आणि काही अंशी ती आहेही. पण शेत सोडल्यापासून जंगल रुजेपर्यंतचा मधला काळ नाजूक असतो. चिंक्वे तेर्रे या किनारी भागात डोंगरउतारावर दगड रचून, चुन्याशिवाय, शेकडो वर्षे पायऱ्यांची शेती होत आली. २५ ऑक्टोबर २०११ रोजी तिथे काही तासांत प्रचंड पाऊस कोसळला. वेर्नात्सा आणि मोंतेरोस्सो ही गावे चिखलाने भरून गेली, माणसे दगावली. पाऊस असामान्य होताच. पण नंतरच्या पाहणीत दिसले की अलीकडच्या काळात पडीक टाकलेल्या पायऱ्यांवर दरडी जास्त कोसळल्या होत्या. बांधांची डागडुजी थांबली होती आणि झाडांची मुळे अजून खोल गेली नव्हती.

वाढत्या रानाबरोबर हरणे आणि रानडुकरे वाढतात, त्यांच्या अंगावर गोचिडी पोसल्या जातात. ईशान्य इटलीच्या डोंगराळ भागात गोचिडीतून पसरणारा मेंदूज्वर आढळतो. त्यामागे कारणे अनेक आहेत, बदललेले रान हे त्यातले एक. आपल्या सिंधुदुर्गात येणारा माकडताप याच विषाणूकुळातला. युरोपातल्या आजारावर लस आहे. शिकायला किंवा फिरायला तिकडे गेलेल्या मुलांनी रानवाटांवर पूर्ण बाह्या आणि लांब पँट घालावी, परतल्यावर काखा, जांघा आणि गुडघ्यामागे गोचीड नाही ना, हे पाहावे.

उपचाराचे काय? दोन आजारांना एकच औषध चालत नाही. डोंगरातली पडीक जमीन परत लागवडीखाली आणता येते, किंवा काळजीपूर्वक जंगलाच्या हवाली करता येते. त्यासाठी तिथे माणसे टिकायला हवीत. सपाटीवर मात्र प्रतिबंध हाच इलाज. थोडी माती तयार व्हायलाही शतके लागतात. युरोपीय संघाने २०५० पर्यंत निव्वळ जमीनवापर शून्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. इटलीत शेतजमिनीवरील बांधकामाला आळा घालणारे विधेयक २०१२ मध्ये पुढे आले. २०१६ मध्ये ते कनिष्ठ सभागृहात मंजूर झाले आणि वरिष्ठ सभागृहात अडकले.

वजन घटल्याचे केसपेपरवर दिसल्यानंतर मुलगा बहुतेक वेळा विचारतो, ‘डॉक्टर, पण त्यांना त्रास तर काहीच नव्हता.’ इटलीतही बाजार भरलेले आहेत. पास्त्याचा कठीण गहू कमी पडतो, तो कॅनडासारख्या देशांतून येतो आणि ताटात काही उणे दिसत नाही. म्हणूनच या आजारात दुखण्याची वाट पाहून चालत नाही. मधूनमधून वजनकाट्यावर उभे करावे लागते, आणि आकडा मागच्या आकड्याशी ताडून पाहावा लागतो.