अँटेना किती लहान करता येतो?

रेडिओला लांब दांडी लागते, मग मोबाईलला का नाही? तरंगांचा धडा चालू असताना हा प्रश्न हमखास येतो. ‘मोबाईलचा अँटेना आत असतो’ हे उत्तर खरे असले तरी अपुरे आहे. तो आत मावतो कसा, आणि लहान करताना आपण काय गमावतो, ते या लेखात पाहू.

प्रथम एक प्रयोग करू. एफ.एम. रेडिओवर जेमतेम ऐकू येणारे केंद्र लावा. दांडी पूर्ण उघडून ऐका, मग एकेक टप्पा आत ढकला. खरखर वाढत जाईल. आता गणित करू. ३०० या संख्येला मेगाहर्ट्झमधील वारंवारतेने भागले की तरंगलांबी मीटरमध्ये मिळते. १०० मेगाहर्ट्झला ती ३ मीटर येते. उभ्या दांडीची सोयीची लांबी तिच्या सुमारे एक चतुर्थांश, म्हणजे ७५ सेंटिमीटर. ब्लूटूथची वारंवारता सुमारे २४०० मेगाहर्ट्झ असते. तिथे हीच लांबी जेमतेम ३ सेंटिमीटर भरते. अर्ध्या प्रश्नाचे उत्तर इथेच मिळाले.

पण प्रत्येक यंत्राला तेवढीही जागा नसते. समजा, पाण्याचे एक मीटर स्वतःचे वाचन रेडिओतरंगांनी पाठवते. भारतात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ हा पट्टा ठरावीक मर्यादेत परवान्याविना वापरता येतो. त्यातील ८६६ मेगाहर्ट्झची तरंगलांबी ३४.६ सेंटिमीटर, म्हणून दांडी ८.७ सेंटिमीटरची हवी. मीटरच्या डबीत मात्र २ सेंटिमीटरच जागा आहे. शिवाय मीटर सेलवर चालते. सेल लवकर संपला तर तो बदलायला कुणीतरी प्रत्येक घरी जायला हवे.

दांडी सरळ छाटली तर काय बिघडते? शांत पाण्यात बोट हलवून पाहा. पाणी बोटाच्या आजूबाजूने फिरते आणि तरंग दूरवर फारसे जात नाहीत. तेच रुंद फळी हलवली तर ठळक तरंग दूरवर जातात. आखूड अँटेनाचेही तसेच होते. बरीचशी ऊर्जा त्याच्या भोवतीच मागेपुढे करत राहते आणि थोडीच तरंगरूपाने सुटते. ही सुटणारी ऊर्जा मोजण्यासाठी अभियंते ‘प्रारण-रोध’ ही राशी वापरतात. चतुर्थांश लांबीच्या दांडीचा प्रारण-रोध सुमारे ३६ ओहम असतो. आखूड दांडीची लांबी निम्मी केली की तो चौपटीने घटतो. आपल्या २ सेंटिमीटरच्या दांडीला तो जेमतेम १.३ ओहम उरतो.

आता तारा व जोडण्यांचा साधा रोध २ ओहम धरू. तिथे गेलेली ऊर्जा केवळ उष्णता होते. लांब दांडी मिळालेल्या ऊर्जेपैकी ३६/३८, म्हणजे सुमारे ९५ टक्के ऊर्जा बाहेर पाठवते. आखूड दांडी १.३/३.३, म्हणजे सुमारे ४० टक्केच पाठवते. तोच संदेश तितक्याच जोराने पाठवायचा तर तिला सुमारे २.४ पट ऊर्जा पुरवावी लागेल. हा सगळा भार सेलवर पडतो.

दुसरी अडचण जुळणीची आहे. आखूड तार धारित्रासारखी वागते. ते संतुलित करण्यासाठी वेटोळे जोडावे लागते, पण वेटोळ्याच्या तारेतही ऊर्जा वाया जाते. शिवाय असा अँटेना वारंवारतेच्या अगदी अरुंद पट्ट्यातच नीट चालतो. जवळ हात, धातू किंवा पाणी आले की त्याची जुळणी ढळते. व्हीलर यांनी १९४७ साली आणि चू यांनी १९४८ साली दाखवून दिले की ही कारागिरीतील उणीव नसून निसर्गाचीच मर्यादा आहे. आकार, पट्ट्याची रुंदी आणि कार्यक्षमता या तिन्ही गोष्टी एकदम मनासारख्या मिळत नाहीत.

मग मार्ग काय? तार छाटण्याऐवजी ती दुमडतात. कधी नागमोडी पट्टी छापतात, तर कधी इंग्रजी ‘एफ’ आडवे पाडल्यासारखी रचना करतात. काही वेळा तार विशिष्ट सिरॅमिकमध्ये बसवतात, कारण त्यात तरंगलांबी आखूड होते. मंडलाच्या पाटीवरील तांब्याचा पत्रा अँटेनाचा दुसरा अर्धा भाग म्हणून काम करतो. त्यामुळे पाटीच छोटी केली तर चांगला अँटेनाही दुबळा ठरतो. म्हणूनच अँटेना पाटीच्या कडेला, सेलपासून दूर ठेवतात, आणि त्याची अखेरची चाचणी बंद डबीत, प्रत्यक्ष जागेवर घेतात.

विद्यार्थ्यांना एक गणित द्या: दांडी १ सेंटिमीटरची केली आणि साधा रोध २ ओहमच राहिला, तर किती टक्के ऊर्जा बाहेर पडेल? उत्तर सुमारे १४ येईल. मोबाईलला दांडी का नाही, असे पुन्हा कुणी विचारले तर सांगता येईल की अँटेना नाहीसा झालेला नाही, तो दुमडून आत बसला आहे. जागा वाचली, पण तिची काही किंमत सेलला मोजावी लागते.